कार्डाची भिशी

माझा प्रत्येक लेख छापून येण्याआधी एकदा नापास व्हायचा. नापास करणारा माणूस लातूरकडचा गवंडी होता आणि ही परीक्षा तो कणीक मळता मळता घ्यायचा.

दोह्यात सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी आमच्या खोलीतला स्वैपाक त्याच्याकडे असे. मी माझ्या खाटेवर बसून आठवडाभर खरडलेले कागद मोठ्यानं वाचायचो. बाकीचे ऐकत, नाहीतर ऐकल्यासारखं करत. कुणी शर्टाला इस्त्री करतोय, कुणी डोक्याला तेल थापून पडलाय. गवंडी मान वर करत नसे. पण एखाद्या वाक्यापाशी त्याचे हात परातीत थांबले की मी वाचायचा थांबे. मग तो म्हणायचा, "म्हंजे?"

एवढंच. ते वाक्य मी नव्यानं लिहायचं आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा वाचायचं, असा आमचा रिवाज पडून गेला होता. पैशांवर, बँकांवर आणि पुढं कार्डांवर मी बरीच वर्षं फुटकळ लिहिलं. कुठल्याही पेपरात नोकरीला नव्हतो. लेख द्यायचा, छापला तर मानधन घ्यायचं. लोक अजून विचारतात, अर्थशास्त्र कुठं शिकलात? मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. काय सांगणार?

शाळा सुटली ती वडील अंथरुणाला खिळले म्हणून. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एक छापखाना होता, तिथं खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायला लागलो. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, तमाशाची हँडबिलं. शिशाचं अक्षर उलटं असतं, त्यामुळं सरळ वाचनाची गोडी लागण्याआधी मला उलटं वाचता यायला लागलं. एक गोष्ट मात्र तिथं अंगात मुरली. लिहिणाऱ्यानं एक शब्द जास्तीचा घातला की तो आम्हाला अक्षर अक्षर उचलून बसवावा लागे. लांबलचक वाक्याचा मला अजूनही राग येतो तो त्यामुळंच.

छापखान्याच्या मालकांनी टेम्पो घेतला आणि तो चालवायला मलाच शिकवलं. माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांत ते पहिले. त्या लायसनवर सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी दोह्याला आलो. एका बांधकाम कंपनीची पिकअप चालवायची. सिमेंट, पाइप, पाण्याचे कॅन, आणि पगाराच्या दिवशी माणसं बँकेत न्यायची, परत आणायची. कॅम्प शहराबाहेर, पत्र्याच्या खोल्यांची रांग. प्रत्येक खिडकीत गुरगुरणारा एसी आणि त्याच्या ठिबकणाऱ्या पाण्याखाली कुणी ना कुणी पुदिना लावलेला. वाळवंटात फुकटचं पाणी तेवढंच.

मी मूळचाच धास्तावलेला. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात कुलपात असे, तरी झोपण्याआधी मी तो उशीखाली चाचपून बघायचो. तिथं नाही हे माहीत असूनही बघायचो. गाडीला ओरखडा गेला तर? मुदीर, म्हणजे साहेब, रागावला तर? परत पाठवलं तर आई आणि बहिणींचं काय? माझ्या खाटेशेजारची खाट मामांची होती. मामा म्हणजे शटरिंगच्या सुतारांचे मुकादम, सांगलीकडचे, सगळ्या कॅम्पाचेच मामा. ते म्हणायचे, "अरं, तुला आख्खं कतार घालवायला बसलंय व्हय? झोप की गप."

साताऱ्याचं एक साप्ताहिक मी टपालानं मागवायचो. ते पोहोचेपर्यंत महिना उलटलेला असे. एकदा त्यात एक लेख आला की आखातातल्या बांधवांनी आपला कष्टाचा पैसा योग्य ठिकाणी गुंतवावा. मी धीर करून संपादकांना लिहिलं, योग्य ठिकाण कुठलं ते लेखात राहून गेलंय. उलट टपाली एका ओळीचं उत्तर आलं, 'मग तुम्हीच लिहा.'

पहिला लेख लिहिला तो ड्राफ्टवर. त्या काळी घरी पैसे पाठवायचे म्हणजे बँकेत जाऊन ड्राफ्ट काढायचा आणि रजिस्टर टपालानं धाडायचा. आमच्या कॅम्पातल्या मराठी माणसांचे ड्राफ्ट गावाकडच्या बँकेतून परत यायचे, केरळातल्या माणसांचे येत नसत. कारण साधं होतं. आपल्याकडं लग्नात बायकोचं नाव बदलायची रीत. नवरा ड्राफ्टवर हौसेनं आपण ठेवलेलं नाव घालायचा आणि बायकोचं खातं मात्र शाळेच्या दाखल्यावरच्या, माहेरच्या नावानं उघडलेलं असायचं. ते माहेरचं नाव कित्येक नवऱ्यांना धड ठाऊकही नसे. मी लेखाचं पहिलं वाक्य लिहिलं, 'ड्राफ्ट काढण्याआधी बायकोला तिचं नाव विचारा.' खोलीत हसू उसळलं. गवंड्याचे हात काही थांबले नाहीत, पण त्या रात्री त्यानं माझ्याकडून एक कागद मागून घेतला आणि घरी नाव विचारलं.

लेखाखाली सही असायची 'दोह्याचा एक ड्रायव्हर'. कंपनीला कळलं तर काय घ्या, ही भीती. मानधन मी आईला पाठवायला सांगितलं होतं. मनिऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन दर वेळी आईला विचारायचा, "पोरगं दोह्यात आणि पैसं साताऱ्यातनं कसं येत्यात हो?" आई सांगायची, "तिकडं गाडी चालवतंय आन हिकडं लिवतंय." त्याला ते कधीच पटलं नाही. संपादकांनी माझं शिक्षण विचारलं नाही, फोटो मागितला नाही, फक्त पुढचा लेख मागितला. एवढ्या वर्षांत त्यांची माझी गाठ पडली नाही, पण त्यांचं नाव निघालं की माझे हात अजून आपोआप जोडले जातात.

मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या खोलीत क्रेडिट कार्ड आलं. आलं ते मामांना.

कंपनीनं पगार बँकेत जमा करायला सुरुवात केली होती, आणि त्या बँकेनं मुकादमांपासून वरच्या माणसांना कार्डं देऊ केली. ओळखपत्राला आम्ही सगळे अरबीतल्यासारखं बताका म्हणायचो, म्हणून हा झाला बँकेचा बताका. साधा बताका दाखवायचा पोलिसाला. हा दुकानदाराला दाखवला की सामान मिळायचं. दुकानदार कार्ड लोखंडी पाटावर ठेवी, वर कार्बनचा कागद घाली आणि दांडी सर्रकन फिरवी, की कागदावर मामांचं नाव उठे. मला ते लगेच ओळखीचं वाटलं. उठावाची अक्षरं, दाब, छाप. छापखानाच तो. फक्त इथली अक्षरं सुलटी होती.

आता आमच्या भिशीचं सांगायला हवं. कॅम्पात बाकी काही नसलं तरी भिशी होती. दर महिन्याला प्रत्येकानं सारखी रक्कम घालायची, दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची निघेल त्यानं सगळी रक्कम उचलायची. सगळ्यांची पाळी झाली की फेरा खलास. डबा मामांकडे, कारण मामांवर सगळ्यांचा भरवसा. त्या डब्यातून कुणाचं छप्पर झालं, कुणाच्या भावाचं ऑपरेशन.

आणि जे फक्त आमच्यासारखीच माणसं करू जाणोत ते आम्ही केलं. आम्ही कार्डाची भिशी चालू केली.

कुणी ठरवलं असं नाही. आमच्या खोलीतला कोल्हापूरचा वेल्डर, त्याला टू-इन-वन पाहिजे होता, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला. मामा त्याच्याबरोबर दुकानात गेले, सही केली. बँकेचं बिल आलं तेव्हा मामांनी काउंटरवरच्या क्लार्कला विचारलं, किती भरू? त्यानं एका आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाला, "मामाजी, इतना भरो, कोई टेन्शन नहीं." आकडा इतका लहान होता की मामा दोनदा विचारून आले. वेल्डर दर महिन्याला तेवढे मामांच्या हातात ठेवायला लागला. मग दुसऱ्यानं शिलाई मशीन घेतलं, तिसऱ्यानं घड्याळ, गवंड्यानं बायकोसाठी मिक्सर. डब्यातून कार्डाच्याही चिठ्ठ्या निघू लागल्या. ज्याची पाळी त्यानं वस्तू घ्यायची आणि बँक मागेल ते सगळ्यांनी वाटून भरायचं. सही मामांचीच लागे, म्हणून ते प्रत्येकाबरोबर दुकानात जात. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं, खिशात पेन. दुकानदार त्यांना खुर्ची द्यायचा. उभ्या जन्मात त्यांना दुकानात कुणी खुर्ची दिली नव्हती.

मी पाळी घेतली नाही. शहाणपणानं नव्हे, नुसत्या भीतीनं. वेल्डर टोमणे मारायचा, "पेपरवाला लोकांना पैशाचं शिकवतोय आन सोता पेन बी उधार घेत न्हाई." नेमकी कशाची भीती वाटते ते मलाही सांगता आलं नसतं.

एके दिवशी दुकानदारानं बँकेला फोन करून कार्ड परत दिलं, म्हणाला याची मर्यादा भरली, आता चालत नाही. मामा खोलीत येऊन म्हणाले, "चला, भिशी भरली. आता फेडून खलास."

त्याच सुमारास मामांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, वैशाखातलं. थोरलीच्या वेळी मामांना रजा मिळाली नव्हती. तिच्या कन्यादानाला मामांचा भाऊ बसला होता. ही गोष्ट मामा फार बोलत नसत. फक्त कुणाच्या घरच्या लग्नाची गोष्ट निघाली की उठून बाहेर पुदिन्याला पाणी घालायला जात. या वेळी रजा मंजूर झाली होती. "धाकटीच्या पाटावर मीच बसणार," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. देश सोडताना कंपनीकडून बाहेर जायचा कागद लागायचा, आणि कार्डवाल्या माणसाला कंपनी तो द्यायची ते बँकेकडून 'काही देणं नाही' असं लिहून आणल्यावरच. त्याची मामांना फिकीर नव्हती. एक महिना चुकवला असेल तर शपथ.

आणि नेमकं तेव्हाच संपादकांचं कार्ड आलं, पोस्टाचं. मुंबईत क्रेडिट कार्डं निघाली आहेत, वाचक विचारतात, आपण तिकडे ती पाहत असाल, लिहा.

मी खूश झालो. पाहत असाल म्हणजे काय, शेजारच्याच खाटेवर होतं. मामांकडून कार्ड मागून घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं, मामांना विचारून लेख लिहिला आणि शुक्रवारी वाचायला बसलो. मजेत चाललं होतं. मी वाचलं, 'वस्तू आज घ्यावी, बँक सांगेल तेवढी रक्कम दरमहा भरावी, आणि हप्ता न चुकवल्यास कोणताही भुर्दंड पडत नाही.'

गवंड्याचे हात थांबले.

"म्हंजे?"

"म्हणजे उधारी," मी म्हणालो.

"ती कळली. म्हंजे बँकेला काय सुटतंय?"

मामा हसले. "तिला काय सुटायचंय? मोठी बँक हाय. आपला पगार तिथंच जातोय न्हवं?"

"जाहिरात असंल," वेल्डर म्हणाला.

"काय सांगलालास," गवंडी म्हणाला. "हितं पाटीभर वाळू कुणी फुकाट देत न्हाई. बँक टू-इन-वन देतीया, मिक्सर देतीया. कशापायी?"

मटण शिजलं, जेवणं झाली, गप्पा दुसरीकडं वळल्या. पण मला ते वाक्य काही पुढं लिहिता येईना. 'भुर्दंड पडत नाही' यापाशी पेन येऊन थांबायचं. शेवटी मी मामांना म्हटलं, एकदा बँकेत विचारून येऊ. मामा म्हणाले, "चल की. मला तसं बी ते लिहून आणायचंच हाय."

क्लार्क भला माणूस होता, त्रिशूरचा. मी त्याला गवंड्याचा प्रश्न हिंदीत विचारला, "बँक को इसमें क्या मिलता है?" तो आधी चकित झाला, मग हळू आवाजात म्हणाला, "ब्याज. और क्या?" मामांकडे बघून म्हणाला, "मामाजी, वो तो मिनिमम था. मिनिमम भरने से कार्ड चालू रहता है. पैसा खतम नहीं होता."

मामांनी विचारलं, "पूरा कितना?"

त्यानं सांगितलं. मामांनी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तोच आकडा सांगितला आणि या वेळी समोर खुर्ची सरकवली. मामा बसले नाहीत.

परतताना कॉर्निशच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याच्या, वळणावर मामांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, "उभा जलम फुटपट्टी घिऊन गेला माझा. बोटभर फळी वाकडी खपवून घेतली न्हाई. ह्यो आकडा मी कदी इचारलाच न्हाई बघ." थोड्या वेळानं म्हणाले, "त्यानं सांगितलं तेवढं भरलं. मागंल तेवढं दिलं की माणूस चांगला, असं आपल्याला वाटतंय."

समोर काय आहे ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. पैसे भरल्याशिवाय बँक लिहून देणार नाही. बँकेचं आल्याशिवाय कंपनी कागद देणार नाही. कागद नाही तर वैशाख नाही.

खोलीत मामांनी सगळ्यांना स्वतःच सांगितलं, उभं राहून, काही न लपवता. मला वाटलं होतं सगळे मामांना धीर देतील. पण ज्यानं त्यानं आपापला हिशेब मनात केला असणार. वेल्डर म्हणाला, "आम्ही दीड वरीस भरलंय मामा. टू-इन-वन त्यात तवाच फिटायला पायजे हुता. मग आमचं पैसं गेलं कुठं?"

"बँकेत."

"बँक तर म्हणतीया अजून हाईत." तो डब्याकडं बघून म्हणाला, "डबा तुमच्याकडं असतोय."

मामांनी चपला घातल्या आणि बाहेर गेले. दाराबाहेर पुदिन्याशी बसलेली त्यांची पाठ खिडकीतून दिसत होती.

"त्वांड आवर रं," गवंडी वेल्डरला म्हणाला. पण त्याच्याही आवाजात जोर नव्हता. त्याच्याही मिक्सरचं काय झालं ते त्याला कळत नव्हतं. मग तो माझ्याकडं वळला. "पेपरवाल्या, तू लिही. पेपरासाठी न्हाई, हितल्यासाठी लिही. पैसं मामानं खाल्लं न्हाईत ह्ये मला ठावं हाय. पर मग कुणी खाल्लं, ते मला कळंल असं लिही."

त्या आठवड्याइतका मी कधी घाबरलो नाही. तोवर लेख नापास झाला तर माझा एक शुक्रवार जायचा. आता नापास झाला तर मामा या खोलीत चोर ठरणार होते, आणि चोराला कन्यादानाला पोहोचवायला कुणी खिशात हात घालत नाही. मी क्लार्ककडं आणखी दोनदा गेलो. त्यानं दोन्ही वेळा चहा पाजून समजावलं, कंटाळला नाही. माल उतरत असताना स्टिअरिंगवर कागद ठेवून मी लिहायचो. व्याजाची टक्केवारी लिहिली, फाडली. चक्रवाढ हा शब्द लिहिला, खोडला. शेवटी छापखान्यातल्यासारखं करायला लागलो. प्रत्येक शब्द उचलताना विचारायचं, हा नसला तर चालेल का?

शुक्रवारी परातीत कणीक पडली. मामा बाहेरच बसले होते. मी वाचायला सुरुवात केली.

'भिशीत दहा माणसं पैसे घालतात आणि तीच दहा माणसं उचलतात. बाहेरचा कुणी नसतो, म्हणून घातलेला पैसा हरवत नाही. कार्डाच्या भिशीत एक माणूस जादाचा बसलेला असतो. त्यानं सगळ्यांच्या आधी पैसे घातले, म्हणून तो दिलदार वाटतो. त्याचं नाव डब्यात नसतं. पण दर महिन्याला पहिली चिठ्ठी त्याचीच निघते. तुम्ही थोडे पैसे घातलेत तर त्याचं पोट भरण्यातच ते संपतात आणि तुमच्या वस्तूचे पैसे होते तिथंच राहतात. तो तुम्हाला थोडेच पैसे मागतो, कारण तुम्ही लवकर उठून जावं असं त्याला वाटत नाही.'

इथं गवंड्याचे हात थांबले. मीही थांबलो.

त्यानं तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, कणकेवर शिंपडलं आणि पुन्हा मळायला लागला. "वाच की," म्हणाला.

मी शेवटपर्यंत वाचलं. 'म्हंजे?' आलं नाही.

वेल्डर खाटेवर उठून बसला होता. "म्हणजे दीड वरीस मी त्या जादाच्या माणसाला जेवू घातलं."

"व्हय."

"आन टू-इन-वन?"

"त्याचं बरंचसं अजून तिथंच हाय," मी म्हणालो.

"आयला," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. "मला वाटलं, मी गाणी ऐकतोय. गाणी तो ऐकतोय." मग उठून दारात गेला आणि बाहेर न बघताच म्हणाला, "मामा, आत या. चपाती टाकायची हाय." याहून जास्त माफी आमच्या खोलीत कुणी कुणाची मागितलेली मला आठवत नाही.

जेवताना हिशेब झाला. ज्यानं त्यानं आपल्या वस्तूचे उरलेले द्यायचे. मामा म्हणाले, "व्याजाचं माझ्याकडं. सही माझी हाय." गवंडी म्हणाला, "सही तुमची, हौस आमची. व्याज समद्यांचं." मी पाळी घेतलेली नव्हती, तरी माझाही वाटा धरा म्हटलं. वेल्डरनं विचारलं, तुझा कशाचा? मी म्हणालो, लेखाचा. त्या महिन्याची खरी भिशी चिठ्ठी न काढता मामांना दिली. लग्नघराला चिठ्ठी नाही, असा नियम तिथल्या तिथं झाला आणि मी कॅम्पात होतो तोवर टिकला. वेल्डरनं घरी नेण्यासाठी घेऊन ठेवलेलं सोनं मोडलं.

बँकेत सगळी रक्कम भरली तेव्हा क्लार्कनं 'काही देणं नाही'चं पत्र दिलं आणि नियमाप्रमाणे सांगावंच लागतं म्हणून, थोडं लाजत, सांगितलं की इतक्या चांगल्या गिऱ्हाइकाला बँक आता वाढीव रकमेचं कार्ड द्यायला तयार आहे. मामांनी जुनं कार्ड काउंटरवर ठेवलं. म्हणाले, "शुक्रन. खलास."

विमानतळावर मीच सोडलं. तोच इस्त्रीचा शर्ट होता. मी सवयीप्रमाणे विचारत होतो, कागद घेतला का, पासपोर्ट घेतला का, पत्र घेतलं का. मामा म्हणाले, "घेतलं रं. तूच राहिलायस, चल." आणि आत गेले.

तो लेख मी साताऱ्याला पाठवला, एक शब्द न बदलता. संपादकांचं उत्तर आलं, 'समजले. पुढचा?' मग तो दुसऱ्या दोन पेपरांनी उचलून छापला, मुंबईच्या एका मासिकानं दर महिन्याला कार्डांवर आणि घरखर्चावर लिहाल का विचारलं, आणि बघता बघता मी त्या विषयाचा लेखक झालो. पुढं मोठमोठे शब्द वापरणाऱ्या लोकांबरोबर माझं नाव छापून यायला लागलं. दर वेळी वाटायचं, आता पकडला जाणार. आठवी म्हणून कुणीतरी उठून बाहेर काढणार. अजून तसं झालेलं नाही. माझं लिहिणं अजून तसंच चालतं: लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं आणि कुठं हात थांबतील ते ऐकायचं.

पण त्या उन्हाळ्यात आम्ही वाट बघत होतो ती लेखाची नव्हे, कॅसेटची. लग्नाची कॅसेट मामांनी गावाहून येणाऱ्या एका माणसाबरोबर धाडली. शुक्रवारी सगळे वेल्डरच्या टू-इन-वनभोवती बसलो. आता तो पुरता वेल्डरचा होता. बँड, कुत्री, माइकवर फुंकर, मंगलाष्टकं म्हणणारी एक बारीक आवाजातली मावशी. टेप बंद करायला कुणीतरी विसरलं असावं, कारण शेवटी बँडवाल्याचा आवाज आला, "आत्ता निम्मं द्या, उरल्यालं सावकाश दिलं तरी चालंल." आणि मामांचा, चढा, "न्हाई न्हाई. मिनिमम न्हाई. समदं घे, आत्ताच्या आत्ता."

बँडवाला गोंधळून विचारतो, "मिनिमम म्हंजे?"

आम्ही इतके हसलो की शेजारच्या खोलीतले बघायला आले. गवंड्यानं पिठाचा हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "मागं घे रं टेप," म्हणाला. "ते कन्यादानाचं परत लाव."

वेल्डरनं टेप मागं नेली. खरखर झाली, मग भटजींचा आवाज आला, म्हणा 'मम'. आणि लगेच त्यामागून मामांचा, घसा खाकरून, "मम."